नऊ टायरांचा हंगाम

सांता उर्सुलाच्या शाळेत ओदिले बाईंचं नेरिदा बोसियोकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते १९८९ च्या जुलैत. पाचवीच्या वर्गात चोवीस मुलं होती. नेरिदा त्यांतली मधल्या रांगेतली, ना हुशार ना व्रात्य. अशा मुलांची वर्षं बाईंच्या डोळ्यांखालून नुसतीच निघून जातात.

त्या दिवशी मुलांनी आपापली बचतीची पुस्तिका आणली होती. पहिलीपासून दर सोमवारी मुलं बाईंकडून बचतीचं एक तिकीट विकत घेत आणि पुस्तिकेत चिकटवत. महागाईने पैशाची किंमत पार उतरली होती; त्या तिकिटांचं आता काय येईल ते पोस्टाने कळवलं होतं आणि ते मुलांना सांगायचं काम बाईंवर आलं होतं. काही मुलं हसली. एकाने तर पुस्तिकेची होडी करायला घेतली. नेरिदा मात्र उठून टेबलाशी आली. तिची पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत भरलेली होती, एकही तिकीट वाकडं नव्हतं.

"बाई, सगळ्याचं मिळून काय येईल?"

"एक पेन्सिल येईल, नेरिदा. कदाचित खोडरबरही."

"आणि मी तिकिटांऐवजी दर महिन्याला पेन्सिलच घेऊन ठेवली असती तर?"

बाईंनी मनात हिशेब केला. "तर तुझ्याकडे चाळीसएक पेन्सिली असत्या."

"म्हणजे पैसे ठेवायचे नसतात. वस्तू ठेवायच्या."

दहा वर्षांची मुलगी रडत नव्हती, रागावलेली नव्हती, फक्त खात्री करून घेत होती. बाईंनी हजेरीपट मिटला. "बहुतेक तसंच," त्या म्हणाल्या आणि तिला जागेवर पाठवलं.

त्यानंतर नेरिदा मोठी झाली तीही अशीच, कुणाला फारसा पत्ता न लागता. शाळा संपल्यावर ती दूध संस्थेच्या काउंटरवर लागली. पशुखाद्याची पोती, दुधाचे कॅन, जंतुनाशकाचे डबे यांच्या पावत्या फाडणं हे तिचं काम. ती एकोणीस वर्षांची असताना वडील गेले. घरात आई उरली आणि तिच्याहून आठ वर्षांनी लहान असलेला भाऊ एल्वियो. मध्यंतरी नोटरीच्या कचेरीतला एक कारकून रविवारी संध्याकाळी घरी येऊन बसत असे. त्याची बदली कोर्दोबाला झाली. त्याने विचारलं, ती नाही म्हणाली, आणि पुन्हा तो विषय तिने काढला नाही. आईचा दमा आणि एल्वियोची शाळा हे कारण खरंच होतं, पण तिला खोलीभर सामान बांधून दुसऱ्या गावी जाण्याची कल्पनाही नकोशी वाटे.

एल्वियो मोठा झाल्यावर त्याच संस्थेच्या दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर झाला. पहाटे चारला निघून गोठ्यागोठ्यावरून दूध गोळा करायचं, अकराला परत. हसरा, उंच, पुढचा एक दात किंचित तुटलेला. त्याला मोटरसायकलच्या शर्यतींचं वेड होतं. आमच्या भागात ज्या प्रादेशिक शर्यती होतात त्यांत भाग घेणारे सगळे असेच: कुणी टँकरवाला, कुणी प्लंबर, कुणी बेकरीवाला, एक दातांचा डॉक्टर. वर्षाला सहा शर्यती, मार्च ते नोव्हेंबर. जिंकणाऱ्याला करंडक आणि कधीकधी डुकराची खारवलेली मांडी. खर्च ज्याचा त्याने करायचा.

एल्वियोची गाडी अडीचशे सीसीची, दोघांच्या हातून आलेली. तो चांगला चालवायचा. पण दर वर्षी चौथ्या शर्यतीनंतर त्याचे पैसे संपत. हे इतकं ठरलेलं होतं की चौथ्या शर्यतीच्या शेवटी भोंग्यावरून निवेदक हमखास ओरडायचा, "आणि एल्वियो बोसियो, भेटू या पुढच्या वर्षी!" लोक हसत. एल्वियोही हात हलवून हसे. मग व्हॅनमध्ये बसला की घरापर्यंत एक शब्द बोलत नसे.

"सहाच्या सहा," तो एकदा आईला म्हणाला होता, "जिंकायचं राहू दे. एका वर्षी सहाच्या सहा शर्यती पळायच्यात मला. हंगाम पुरा करायचाय."

आईने ते ऐकून सोडून दिलं. नेरिदाने सोडलं नाही.

२०१७ च्या फेब्रुवारीत तिने एल्वियोची वही मागितली. त्याने मार्च ते नोव्हेंबरचा खर्च पेसोंमध्ये मांडला होता. तिने ती पानं चाळली आणि सगळ्या पानांवर एक तिरकी रेघ मारली.

"हे काय करतेस?"

"मार्चमधले हे आकडे जुलैत ओळखू तरी येतील का? तू पैशांत मोजतोस म्हणून संपतं. टायरांत मोज."

सांता उर्सुलात यात कुणाला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. ज्याला घर बांधायचं तो पगार झाला की विटा घेऊन अंगणात रचतो. न्हाव्याकडे छतासाठी पत्रे पाच वर्षं भिंतीला टेकून उभे होते. डॉलर घेणारे वेगळे, आम्ही विटा घेणारे. नेरिदाने तेच शर्यतीला लावलं. मागचा टायर दर शर्यतीला एक, पुढचा दोन शर्यतींना एक. म्हणजे हंगामाला नऊ टायर. टायर महागला की बाकी सगळं त्याच्या मागोमाग महागतंच. म्हणून मागचा टायर हेच तिचं नाणं झालं. प्रवेश फी अर्धा टायर. डिझेल आणि रस्त्याचा टोल मिळून पाव. लायसन आणि डॉक्टरचा दाखला वर्षाला एक. पगार हातात आला की त्याच दिवशी तेल, साखळी, ब्रेकचे पॅड, काय मिळेल ते घेऊन ती मागच्या शेडमध्ये ठेवायची. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एम्पानादांच्या ऑर्डरी घ्यायची. सकाळी खिमा, कांदा, उकडलेलं अंडं यांचं सारण करून ती आणि आई दुपारपर्यंत कडांना मुरड घालत बसत. बारा डझन विकल्या की एक टायर.

एल्वियोने तिला मंत्रीणबाई म्हणायला सुरुवात केली. सकाळी टँकर लावून आला की दारातूनच विचारायचा, "काय मंत्रीणबाई, देश बुडतोय की तरतोय?"

"तू कमी खाल्लंस तर तरेल."

"माझा पगार किती टायर?"

"अडीच. त्यातला दीड तू गिळतोस."

गाडीचं काम बघणारा अनीबाल नावाचा मेकॅनिक होता. पन्नाशीचा, पूर्ण टकला, बोलायचा कमी. तो एकदा म्हणाला, "माझी मजुरी कशात लिहितेस?"

"तुझी एम्पानादांत."

"मग मी श्रीमंत आहे," तो पोटावर हात ठेवून म्हणाला.

तीन हंगाम असे गेले. तीनही वर्षी एल्वियो पाचव्या शर्यतीपर्यंत पोचला. सहावी राहिली, एकदा इंजिनमुळे, एकदा आईच्या दम्यामुळे, एकदा पावसाने वाहून गेलेल्या रस्त्यामुळे.

२०१९ च्या अखेरीस आई गेली. तिच्या नावावर गावाच्या कडेला एक रिकामा प्लॉट होता, तो भावंडांनी विकला. आलेले पेसो टेबलावर पाकिटात होते आणि नेरिदाला त्या पाकिटाशेजारी बसवेना. तिसऱ्या दिवशी ती अनीबालच्या व्हॅनमधून सांता फे शहरात गेली. तिथे ब्राझीलहून शर्यतीचे टायर आणणारा एक व्यापारी होता. तिने एकदम अठरा टायर घेतले. दोन पूर्ण हंगाम. परतताना व्हॅन टायरांनी छतापर्यंत भरली होती आणि नेरिदा पुढच्या सीटवर एक टायर मांडीवर घेऊन बसली होती. एल्वियोने दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या.

ते फेब्रुवारी २०२० होतं.

मार्चमध्ये साथ आली आणि सगळं बंद झालं. त्या वर्षी एकही शर्यत झाली नाही. पुढच्या वर्षी दोन झाल्या. त्याच्या पुढच्या वर्षी इंजिनाचा दांडा तुटला आणि एल्वियो दोनच पळू शकला. टायर तोवर शेडमध्येच होते. नेरिदाने प्रत्येकाला प्लॅस्टिक गुंडाळलं होतं, त्यावर तारीख चिकटवली होती आणि सगळे एका रांगेत फळीवर उभे केले होते. शेडला पत्र्याचं छत. जानेवारी म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळा, तेव्हा आत पाऊल ठेवलं की श्वास कोंडे. कोपऱ्यात विहिरीच्या पंपाची मोटर दिवसातून चार वेळा सुरू होई.

२०२३ उजाडलं तेव्हा बाहेरून टायर येणं जवळजवळ थांबलं होतं आणि जो मिळे त्याची किंमत नेरिदाच्या निम्म्या पगाराएवढी झाली होती. निम्मे स्पर्धक नाव मागे घेऊन बसले. आणि नेरिदाच्या फळीवर बारा नवे टायर उभे. लोक मुद्दाम बघायला येत. दूध संस्थेचा मॅनेजर काउंटरवर येऊन म्हणाला, "बोसियो, तुम्हाला राजधानीत बोलावलं पाहिजे. देश चालवायला." त्या आठवड्यात नेरिदा चालताना जरा ताठ चालायची. चव्वेचाळीस वर्षांत गावाने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं होतं, आणि तिला ते आवडलं होतं.

लायसन आणि सुरुवातीच्या फीसाठी रोख लागणार होतं म्हणून तिने एक पुढचा आणि एक मागचा टायर शेजारच्या गावच्या लिसांद्रोला विकला. लिसांद्रो बेकरीवाला, सव्वीस वर्षांचा, त्याच शर्यतींत पळणारा. उरले दहा. नऊ लागणार होते. वहीत तिने पहिल्यांदाच सहाव्या शर्यतीसमोर शाईने लिहिलं. तोवर ती तिथे पेन्सिल वापरायची.

मार्चमध्ये पहिला टायर चढवताना अनीबालने रबरावर अंगठ्याचं नख दाबलं. मग परत दाबलं.

"नख रुतत नाही, नेरिदा."

"नवा आहे तो. त्याचे केस बघ." नव्या टायरावर साच्यातून निघालेले रबराचे बारीक केस असतात, ते सगळे तसेच होते.

"नवा आहे. पण वय झालंय."

"फळीवर उभ्याने कसलं वय होतं?"

अनीबालने खांदे उडवले आणि टायर चढवला. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस होते, ट्रॅक तापलेला होता, टायर दोन फेऱ्यांत गरम झाला. एल्वियो पाचवा आला. एप्रिलमध्ये चौथा. मेमध्ये दुसरा; करंडक घेऊन तो घरी आला आणि त्यात माते, आमचा कडवट पाल्याचा चहा, ओतून प्यायला. जूनची चौथी शर्यत झाली तेव्हा भोंग्यावरचा निवेदक नेहमीचं वाक्य म्हणायला गेला आणि मध्येच थांबून म्हणाला, "यंदा नाही हं! यंदा बोसियो येणार!" एकूण गुणांत एल्वियो तिसरा होता.

पण त्या शर्यतीनंतर तो नेरिदाला म्हणाला, "मागचा घसरतोय, नेरी. गारठ्यात तापतच नाही. लाकडाचं चाक असल्यासारखा वाटतो. पाचवीला एक नवा मागचा घेऊ या. एकच."

पाचवी शर्यत ऑगस्टमधली, विया असुसेनाच्या ट्रॅकवर. ऐन थंडीतली.

नेरिदाने जुलैच्या सुट्टीत एम्पानादांच्या दुप्पट ऑर्डरी घेतल्या. ओदिले बाईंनी एकट्या राहत असूनही चार डझन नेल्या. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी एका नव्या टायराचे पैसे पुरे झाले. त्या दिवशी व्यापाऱ्याचं दुकान बंद होतं, रविवारी मतदान. "सोमवारी सकाळी फोन करते," ती म्हणाली. आयुष्यात क्वचित असे पैसे तिने घरात दोन रात्री ठेवले असतील.

मतदानाचा निकाल लागला आणि सोमवारी सकाळी पेसो कोसळला. तिने दुकानात फोन लावला.

"भाव नाही, बाईसाहेब," व्यापारी म्हणाला.

"भाव नाही म्हणजे? टायर आहे ना?"

"टायर आहे. भाव नाही. मला हा परत कितीला मिळेल ते कळल्याशिवाय मी विकणार नाही. गुरुवारी करा."

गुरुवारी त्याने भाव सांगितला. आधीची किंमत आणि वर तिचा तिसरा हिस्सा.

त्या दुपारी स्वयंपाकघरात नेरिदाने वही उघडून एल्वियोसमोर ठेवली. किटली गॅसवर होती. एल्वियो टँकरवरून आलेला, मोजे काढून पाय स्टुलावर ठेवून बसलेला.

"नवा टायर घेतला तर वरचा तिसरा हिस्सा सहावीच्या फीतून जातो," ती म्हणाली. "नोव्हेंबरपर्यंत तो मला परत उभा करता येणार नाही. येईल असं मी म्हणेन, पण येणार नाही."

"आणि नाही घेतला तर?"

"फळीवर तीन मागचे आहेत. पाचवी, सहावी, आणि एक वर."

एल्वियोने वही जवळ ओढली. शाईने लिहिलेल्या त्या ओळीवर त्याने बोट ठेवलं. "मंत्री तू आहेस, नेरी. तू सांगशील ते."

"अनीबाल काय म्हणतो?"

"तो म्हणतो जरा जपून चालव. पहिल्या तीन फेऱ्या हळू."

किटली वाजायला लागली. नेरिदाने गॅस बंद केला आणि पाठमोरीच म्हणाली, "सहावी."

"सहावी तर सहावी," एल्वियो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. त्यालाही तेच हवं होतं, फक्त ते आपल्या तोंडून यायला नको होतं.

विया असुसेनाला त्या रविवारी गवतावर दहिवर गोठलं होतं. अनीबालने मागचा टायर सकाळपासून उन्हात ठेवला. नेरिदाने घरून आईची लोकरी शाल आणि गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या आणल्या होत्या. पिशव्या टायराला लावून वरून शाल गुंडाळली. शेजारचा दंतवैद्य बघून हसला. "ताप आलाय का त्याला?"

"याला ताप यावा म्हणूनच चाललंय," एल्वियो म्हणाला आणि हेल्मेट चढवलं. जाताना त्याने नेरिदाच्या टोपीवर टपली मारली.

नेरिदा दर शर्यतीला तारेच्या कुंपणाशी स्टॉपवॉच घेऊन उभी राहायची. पहिली फेरी त्याने हळू घेतली. आठव्या स्थानावर होता. ती मनात म्हणाली, शहाणा आहे. दुसऱ्या फेरीत निलगिरीच्या झाडांमागच्या वळणाकडे सगळे गेले. तिथे सावली असते, दुपारपर्यंत ऊन पडत नाही. झाडांच्या पलीकडून गाड्या एकेक करून बाहेर आल्या. ती मोजत होती. सात आल्या. मग नववा आला. दहावा आला, पण तो हात वर करून, गाडी थांबवत. स्टॉपवॉच तिच्या मुठीत चालूच राहिलं. संध्याकाळी सांता फेच्या हॉस्पिटलमध्ये कोटाच्या खिशात हात घातला तेव्हाही ते चालू होतं.

मागच्या टायराची पकड सुटून गाडीने त्याला वर फेकलं होतं, आणि मागून येणाऱ्याला वळायला जागा नव्हती. खुबा आणि उजवी मांडी. तीन ऑपरेशनं झाली. पाय राहिला, पण चार सेंटिमीटरने आखूड. डॉक्टर म्हणाले, चालेल. टँकर चालवेल का, असं नेरिदाने विचारलं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

नवव्या दिवशी अनीबाल हॉस्पिटलमध्ये आला. व्हरांड्यातल्या बाकावर दोघं बसली.

"खरं सांग," नेरिदा म्हणाली. "टायर होता ना?"

"थंडी होती. सावली होती."

"अनीबाल."

तो आपल्या नखांकडे बघत होता. "टायर होता. शेडमधल्या उकाड्याने आणि पंपाच्या मोटरच्या ठिणग्यांनी रबर सुकलं. मी मार्चमध्ये बोललो होतो, पण हळू बोललो. मलाही सहावी बघायची होती."

ती त्याच्यावर चिडली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "लिसांद्रोने ते दोन चढवलेत का रे?" अनीबालला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न घेतलेल्या टायराचे पैसेही सहाव्या शर्यतीच्या पाकिटात घालून ती लिसांद्रोच्या गावी गेली. बेकरीच्या मागच्या दारी तो पिठाने माखलेल्या हातांनी उभा होता. त्याने तिला मिठी मारली, एल्वियोची चौकशी केली, खुर्ची दिली.

"तू माझ्याकडून घेतलेले दोन टायर," ती म्हणाली, "आहेत?"

"आहेत तर! हातही लावला नाही. मी पण तुझंच बघून शिकलो, नेरिदा. पुढच्या वर्षीसाठी ठेवलेत. भट्टीच्या वरच्या माळ्यावर, कोरड्या जागी."

"मला परत हवेत."

लिसांद्रोने हात पुसले. त्याचे डोळे बारीक झाले. "परत? कशाला? भाव अजून चढणार, होय ना? तुला कुणीतरी सांगितलंय."

"कुणी काही सांगितलं नाही. किती घेशील?"

"अगं, तू स्वतः घ्यायला आलीस म्हणजे मी विकणारच नाही!" तो हसला. "बरं, तुझ्यावर वेळ आलीय म्हणून. घेतले त्याच्या दुप्पट."

ती घासाघीस करेल असं त्याला वाटलं होतं. तिने पाकीट काढलं आणि मोजून दिले. पाकिटात बसच्या भाड्यापुरते उरले. लिसांद्रो जरा गांगरला. त्याने माळ्यावरून टायर काढून आणले. प्लॅस्टिकवर नेरिदाच्या अक्षरात तारीख होती.

"करवत आहे का? लोखंड कापायची?"

त्याने आणून दिली. तिने टायर अंगणातल्या ओट्यावर आडवा धरला, गुडघ्याने दाबला आणि कापायला लागली. रबराची लवचीक सालटं निघायला हवी होती. करवतीखालून काळी, कोरडी पूड गळत होती, शिळ्या पावाच्या चुऱ्यासारखी. लिसांद्रो आधी ओरडला, "अगं, काय करतेस!" मग त्याने खाली वाकून ती पूड चिमटीत घेतली. बेकरीवाल्याच्या बोटांना ते समजायला वेळ लागला नाही. दुसरा टायर त्यानेच धरून ठेवला.

काम झाल्यावर त्याने खिशातून सगळे पैसे काढून तिच्यापुढे केले. तिने निम्मे घेतले, मोजले आणि पाकिटात ठेवले. निम्मे त्याचेच होते. "आणखी कुणाला विकलेस?" त्याने विचारलं.

"नाही. तू एकटाच."

घरी येऊन तिने फळीवरचे उरलेलेही कापले. ते पूर्ण झाल्यावरच तिने हॉस्पिटलमध्ये जाऊन एल्वियोला सांगितलं. अठरा टायर, पत्र्याचं छत, पंपाची मोटर, अनीबालचं नख, सगळं क्रमाने, पावती वाचावी तसं. एल्वियो छताकडे बघत ऐकत होता. त्याच्या गालाची हाडं वर आली होती.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

"मंत्रीणबाई, राजीनामा मंजूर नाही." तो हसायला गेला आणि ते नीट जमलं नाही. मग तोंड भिंतीकडे वळवून म्हणाला, "तू विचारलं होतंस मला. मी सांगायला हवं होतं." त्या विषयावर दोघं पुन्हा बोलली नाहीत. नोव्हेंबरमध्ये सहावी शर्यत झाली. त्या रविवारी दुपारी एल्वियोने रेडिओ लावला नाही, आणि नेरिदाने परसात कपडे वाळत घालायला नेहमीपेक्षा फार वेळ लावला.

संस्थेने एल्वियोला वजनकाट्यावर बसवलं. ट्रक येतो, तो आकडा लिहितो, ट्रक जातो. पगार आधीच्या दोन-तृतीयांश. गाडी अनीबालने सुटी करून विकली. शर्यतींना एल्वियो आता जात नाही. पण मार्चमध्ये हंगाम सुरू होतो त्या आठवड्यात त्याला जेवण जात नाही, हे फक्त नेरिदाला माहीत आहे.

एम्पानादा ती अजून करते. मागच्या वर्षी ओदिले बाई डझनभर न्यायला आल्या होत्या. बाई आता ऐंशीच्या घरात आहेत, काठी घेऊन चालतात. स्वयंपाकघरात बसल्या असताना त्यांनी विचारलं, "तुला ती बचतीची पुस्तिका आठवते का गं? मी तेव्हा तुला दुसरं काहीतरी सांगायला हवं होतं."

नेरिदा कडांना मुरड घालत होती. तिचे हात थांबले नाहीत. "काय सांगणार होतात, बाई? पेन्सिलींच्या बाबतीत तुमचं बरोबरच होतं."

बाईंनी डझनाचे पैसे ठेवले. नेरिदाने वर दोन घातल्या. शेड रिकामी आहे, तिथे आता एल्वियोच्या व्यायामाचा लाकडी कठडा आहे. वही तिने टाकली नाही, पण २०२३ नंतर तिच्यात काही लिहिलेलं नाही.

दर शुक्रवारी दुपारी दोनच्या बसने ती एल्वियोला घेऊन सांता फेला त्याच्या पायाच्या उपचारांसाठी जाते. महिन्याभराची तिकिटं एकदम घेतली तर स्वस्त पडतात, कंडक्टर दर वेळी सांगतो. ती त्या दिवशीची दोनच घेते.